ऐकलं ते खरं कशावरून?

रायगडात पावसाळ्यात जिल्हा प्रशासन रोज नद्यांच्या पातळ्यांचा तक्ता देतं. त्यात कुंडलिकेची एक ओळ असते. डोलवहाल बंधारा : इशारा पातळी २३.०० मीटर, धोका पातळी २३.९५ मीटर. रोह्यातली आणि नदीपलीकडच्या अष्टमीतली माणसं मोबाइलवर आधी हा आकडा बघतात. १९८९च्या जुलैत शेजारच्या आंबा नदीने नागोठणे-जांभूळपाडा भागात जो हाहाकार केला, तो जुन्या माणसांना अजून आठवतो. आमच्याकडे नदीचा आकडा ही साधी माहिती नसते. रात्री झोपायचं की सामान माळ्यावर चढवायचं, हे त्यावर ठरतं.

मी पेणला राहतो. माझी आपा अष्टमीत राहते. तिचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. प्रोजेक्ट म्हणून त्याने पाण्याची पातळी मोजणारं यंत्र करायला घेतलं. पाण्यावर सेन्सर, तिथून घरापर्यंत वायर आणि घरात एटमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर. सेन्सर सीरियल पद्धतीने, म्हणजे एका वायरीवर एकामागून एक बिट पाठवत, आकडा सांगतो. सुट्टीच्या दिवशी दिवा-रोहा गाडी पकडून मी त्याच्याकडे जात असे. "मामू, डेटा येतोय," तो पहिल्याच दिवशी खूश होऊन म्हणाला. येतोय हे मलाही दिसत होतं. प्रश्न होता, आलेला डेटा खरा कशावरून?

या वायरीवर दोन यंत्रं बोलतात, पण दोघांचं घड्याळ एक नसतं. फक्त वेग ठरलेला असतो. ९६०० बॉड म्हणजे एका बिटला सुमारे १०४ मायक्रोसेकंद. काही बोलणं नसताना वायर 'एक'वर असते. ती 'शून्य'वर आली की तो स्टार्ट बिट. मग आठ बिट माहितीचे आणि शेवटी पुन्हा 'एक', म्हणजे स्टॉप बिट. ऐकणारा प्रत्येक बिटचे १६ भाग करतो, मधल्या तीन भागांत डोकावतो आणि बहुमताने निर्णय घेतो. स्टॉप बिटच्या जागी 'शून्य' सापडलं, तर कुठेतरी ताल चुकला. याला फ्रेमिंग एरर म्हणतात. या चिपमधला अंतर्गत ऑसिलेटर कारखान्यातून येताना १० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, म्हणून अशा कामाला बाहेरून क्रिस्टल लावलेला बरा. आणखी एक गोष्ट, चुकीचा झेंडा आधी वाचायचा आणि बाइट नंतर. बाइट उचलला की त्याच्यासोबतचा झेंडाही जातो.

दुसरी चूक ऐकणाऱ्याच्या गडबडीमुळे होते. या चिपकडे आलेले दोनच बाइट ठेवायला जागा आहे. ९६०० बॉडला साधारण दर मिलिसेकंदाला एक बाइट येतो. प्रोग्रॅम डिस्प्लेवर लिहिण्यात ३० मिलिसेकंद गुंतला, तर मधले बाइट गळतात. याला ओव्हररन म्हणतात. २३.९५ मधला पहिला २ गळला की उरतात ३.९५. अगदी नीटनेटका, विश्वास बसेल असा आकडा! त्यावर उपाय म्हणजे बाइट येताक्षणी इंटरप्टने उचलून मोठ्या बफरमध्ये ठेवायचा.

तिसरी चूक वायरीवरची. शेजारी पंपाची मोटर सुरू झाली, वीज कडाडली की बिट उलटतात. पॅरिटी बिट यासाठीच असतो. 'एक' किती आहेत, सम की विषम, एवढंच तो सांगतो. '३' या अक्षराच्या बाइटमधला शेवटचा बिट उलटला तर त्याचा '२' होतो आणि पॅरिटी ते पकडते. पण शेवटचे दोन्ही बिट उलटले तर '३'चा '०' होतो आणि पॅरिटीला काहीच कळत नाही. २३.९५चे झाले २०.९५. धोका पातळीवरची नदी कागदावर तीन मीटर खाली गेली.

मग बेरीज. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून मूर्ती निघतात तेव्हा यादीखाली एकूण नग लिहितात. उतरवून घेणारा मोजून ताळा करतो. चेकसम म्हणजे हेच. पण बेरजेला क्रम कळत नाही. २३ आणि ३२, दोन्हींची बेरीज पाचच.

म्हणून सीआरसी. संपूर्ण संदेश ही एक लांबलचक संख्या मानायची, तिला एका ठरलेल्या भाजकाने एका खास पद्धतीने भागायचं आणि उरलेली बाकी संदेशासोबत पाठवायची. ऐकणाराही तोच भागाकार करतो. बाकी जुळली नाही तर संदेश फेकायचा. कारखान्यांत वापरतात ती १९७९ची मॉडबस पद्धत १६ बिटांची अशी बाकी वापरते. सलग १६ बिटांच्या आत झालेली कोणतीही मोडतोड ती हमखास पकडते. पण निव्वळ कचरा आला तर ६५,५३६ मध्ये एकदा बाकी योगायोगाने जुळू शकते. दर सेकंदाला कचराच येत राहिला, तर साधारण १८ तासांत एखादा खोटा आकडा आत शिरू शकतो. त्यामुळे थोडं व्यवहारज्ञानही लागतं. नदी एका सेकंदात तीन मीटर उतरत नाही. लागोपाठ तीन वाचनं जुळली तरच आकडा मानायचा.

एवढं झाल्यावर भाच्याने विचारलं, "वाईट संदेश फेकला, मग डिस्प्लेवर काय दाखवू? शेवटचा चांगला आकडा राहू दे?" उत्तर आपाने दिलं. ती भाकऱ्या करत होती. "रात्री दोनला उठून मी आकडा बघणार. तो दहाचा असला तर मला कसं कळणार?"

तिला सीआरसी ठाऊक नाही, पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिने विचारला. चूक पकडून गप्प बसणं हे अर्धंच काम. आता त्या यंत्रावर दहा सेकंद खरा संदेश आला नाही की आकडा पुसला जातो, 'वाचन नाही' असं दिसतं आणि बझर वाजतो. मग घरातला माणूस टॉर्च घेऊन स्वतः नदी बघून येतो.

हल्ली आपल्या मोबाइलवर दिवसाला शेकडो संदेश येतात. त्यांना ना पॅरिटी, ना बाकी. आपण ते वाचतो आणि पुढे ढकलतो. चिमूटभर सिलिकॉनचा तुकडा तपासल्याशिवाय एक अंकही पुढे जाऊ देत नाही आणि खात्री नसेल तर तसं स्पष्ट सांगतो. "मला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा," एवढं म्हणायला माणसाला तरी का जड जावं?