एका अंगाला मोकळं लाकूड

एअर प्लांट लाकडावर बसवायला गिऱ्हाइकं हमखास तांब्याची तार सुचवतात. दिसते झकास. पण एअर प्लांट म्हणजे तिलँडसिया, ती पडली अननसाच्या कुळातली, आणि या कुळाला तांबं म्हणजे विष. पानांवरचे रुपेरी, कोंड्यासारखे खवले पाणी टिपतात, त्यात विरघळलेलं सगळंही टिपतात. मी मासेमारीची तंगूस वापरते. सगळ्यात खालच्या पानांमधून दोरा घ्यायचा, लाकडामागे गाठ मारायची. झाड डुगडुगणार नाही इतपतच ताण. बुडाला शेवाळाची गुंडाळी मात्र मी करत नाही, कितीही शोभून दिसली तरी.

कारण सगळी मेख वाळण्यात आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ही झाडं फांद्यांना, खडकांना बिलगून वाढतात. मुळं फक्त धरून ठेवायला. बांडगुळागत फांदीचा रस ती ओढत नाहीत. पाऊस-धुकं अंगावर घ्यायचं आणि वाऱ्यावर सुकायचं, हा तिथला शिरस्ता. त्यांना आपण लाकडासकट काचेच्या भांड्यात ठेवणार! म्हणून भांडं रुंद तोंडाचं हवं, आणि झाड लाकडासकट उचलून बाहेर काढता आलं पाहिजे. झाकणाची बरणीच हवी म्हणणाऱ्याला मी सरळ नेचे लावून देते.

आंघोळ सकाळी, अर्धा तास पाण्यात बुडवून. मग झटकून, उलटं करून पंख्याखाली. यांची पर्णरंध्रं रात्री उघडतात, त्या वेळी पान ओलं नको. बल्बोसा या जातीचं बूड कांद्यासारखं फुगीर पण आत पोकळ असतं. रानात तिथे मुंग्या घर करतात, आपल्याकडे पाणी साचतं. ती मी तिरपी, तोंड खाली करूनच बांधते. पुण्याच्या जुलैत तर नुसती फवारणीसुद्धा हात राखून. बूड मऊ लागलं आणि मधली पानं अलगद हातात आली, की खेळ संपला.

आयोनांथा ही जात फुलायच्या वेळी लालबुंद होते, वर जांभळी फुलं येतात. त्यानंतर आई हळूहळू उतरणीला लागते आणि बुडाशी पिल्लं फुटतात. त्यांच्यासाठी मी एका अंगाला लाकूड मोकळं सोडते. नेमकं तिथेच लोकांना शंख-शिंपले चिकटवून हवे असतात. मी देत नाही.