भिंती उठण्यापूर्वीं

वयाची पन्नाशी उलटल्यावर माणसानें ज्ञानेश्वरी उघडावी, फार तर ब्रिज खेळावा, अशी आमच्या स्नेह्यांची समजूत आहे. आम्ही मात्र गेले दोन महिने रात्रीं जेवणें आटोपलीं कीं दार लोटून घेतों आणि इंग्लंडवर स्वारी करण्याचे बेत आंखीत बसतों. वाचक हंसतील, हंसोत बापडे.

हा उपद्व्याप आमच्या भाच्यानें सुट्टींत लावून दिला. संगणकावरच्या या खेळाचें नांव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर यांचा हा खेळ १९९१ सालीं प्रथम निघाला. आमच्याकडे आहे ती २००५ मधली चौथी आवृत्ति. इ. स. पूर्व ४००० पासून आरंभ करावयाचा आणि बुद्धिबळाप्रमाणें पाळीपाळीनें राज्य वाढवावयाचें. एका पाळीचा विचार तासभर केला तरी प्रतिपक्षी कुरकुरत नाहीं, हें आमच्यासारख्या दीर्घसूत्री माणसाला फारच मानवलें. आम्हीं अशोक पत्करला. शेजारीं निघाली एलिझाबेथ राणी! जिच्या काळांतील नाटकें शिकवून आम्हीं अठ्ठावीस वर्षें पगार घेतला, तिच्यावरच शस्त्र धरावयाचें, म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणेंच कीं.

लवकर करावयाच्या स्वारीचें गणित असें आहे. हिंदी लोकांना खाणकाम मुळांतच येतें. त्यावरून ब्राँझची विद्या साधावी, जवळपास तांबें सांपडल्यास तें खणावें आणि परशुधारी वीर उभे करावे. या वीराचें बळ पांच, शत्रूच्या तिरंदाजाचें तीन. परंतु तिरंदाज गांवांत असला कीं त्याचें बळ निम्म्यानें वाढतें, बरेच दिवस ठाण मांडून बसला असेल तर आणखी पाव हिस्सा. म्हणजे तीनाचे झाले सव्वापांच. येथवर झुंज बरोबरीची. पण मध्यंतरीं शत्रूनें तटबंदी केली कीं तेच सव्वापांच पावणेसात होतात, आणि मग ते तट ढासळणारीं यंत्रें हातीं येईपर्यंत स्वस्थ बसावें लागतें. जें करावयाचें तें भिंती उठण्यापूर्वीं.

“मामा, सहा माणसं पुरेत, निघा आतां,” भाचा म्हणाला.

“तूं थांब. दहा होऊं देत,” आम्ही म्हणालों.

दहा झाले. मग त्यांना तालीम हवी म्हणून लष्करी तळ बांधला. मग वाटेंतलें रान पाहून येण्यास एक माणूस धाडला. अखेर यॉर्कच्या वेशीशीं पोंचलों तों दगडी तट उभा! आमचे दहाहि वीर तेथेंच कामास आले. भाचा कांहीं बोलला नाहीं. त्यानें फक्त आमच्या टेबलाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे पाहिलें, असें आम्हांस वाटलें.

त्या ट्रंकेंत आमच्या ग्रंथाचीं टिपणें आहेत. १९९७ पासून सांठवीत आलों. एक संदर्भ राहिला, एक प्रत मिळावयाची आहे, एवढी सुट्टी जाऊं दे, असें म्हणतां म्हणतां २०१२ सालीं त्याच विषयावर दुसऱ्या कुणाचें पुस्तक बाहेर पडलें. चांगलें होतें. आम्हींच त्याचें परीक्षण लिहिलें, आणि त्यांत कुठें कडवटपणा येऊं नये म्हणून तें तीनदां फाडलें.

दुसरा डाव आम्ही ईर्षेनें खेळलों. ब्राँझबरोबर गुलामगिरीहि हातीं येते, हें मागें सांगावयाचें राहिलें. आपल्याच नगरांतील एक माणूस कामावर राबवून संपविला तर तीस माप श्रम मिळतात. एका परशुधाऱ्याला पस्तीस लागतात. चाबकाच्या चिन्हावर बोट टेकलें कीं झालें. दिल्लीच्या लोकसंख्येचा आंकडा चारावरून दोनावर आला आणि दोन वीर वेळेआधीं तयार झाले. सहाच घेऊन निघालों. यॉर्क पडलें, पुढें जादा कुमक येतांच लंडनहि पडलें. रात्रीचा एक वाजला होता. आम्हीं उठून एकट्यानेंच दूध तापवून घेतलें.

विजयाची मौज मात्र फार टिकली नाहीं. जिंकलेल्या दूरच्या नगरांचा कारभारखर्च असा कांहीं चढला कीं खजिना रिता झाला आणि विद्यांचा शोध जवळजवळ थांबला. तेंहि सोसलें असतें. पण दिल्लीवर एक लाल, रुसलेला चेहरा उमटला होता. चाबूक ओढल्यावर लोकांची ती नाराजी दहा पाळ्या टिकते.

खऱ्या अशोकानें कलिंगच्या युद्धांत एक लाख माणसें मेलीं, दीड लाख देशोधडीस लागलीं, हें स्वतःच्याच लेखांत कोरविलें. तो तेरावा लेख दूरदूरच्या शिळांवर आहे. कलिंगांतल्या धौली आणि जौगड येथें मात्र तो गाळला आहे. जिथें माणसें मेलीं तिथेंच पश्चात्ताप वाचावयास मिळूं नये, याचें कारण राजनीति असेल, संकोचहि असेल. वर्गांत हें सांगतांना आम्हांला नेहमींच थोडें हसूं येई.

“मामा, जिंकलांत कीं हो!” सकाळीं भाचा म्हणाला. “पुढं खेळायचं ना?”

आम्हीं पाळी संपविली. दिल्लीचा आंकडा अजून दोनच होता, आणि चेहरा जाण्यास सात पाळ्या उरल्या होत्या.