जुहूचा मुक्काम आणि विद्येची फेरी

पूर्वी परगावचा पाहुणा जुहूला येई तो समुद्र पाहायला. वाळूत बसावे, भेळ खावी, आणि दिवेलागणीला पार्ल्याच्या स्टेशनाकडे परतावे, एवढाच त्याचा बेत. हल्ली आणखी एक पाहुणा येतो. त्याच्या पिशवीत गुणपत्रिका असतात, मनात पीएच.डी. असते, आणि मावशीकडे चार दिवस राहून त्याला तीन-चार संस्था पाहून घ्यायच्या असतात.

या कामाला जुहूचा मुक्काम चांगला. जुहू तारा रस्त्यावरच श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे आवार आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली लावलेले हे रोपटे १९३६ मध्ये पुण्याहून मुंबईस आले. रुळांपलीकडे कलिन्याला मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी. पवईला १९५८ साली सुरू झालेली आयआयटी. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तीही १९३६ ची. मात्र नकाशावरच्या अंतरावर विसंबू नये. मुंबईत दक्षिणोत्तर प्रवास सोपा, पूर्व-पश्चिम महाकठीण. त्यात जुहूला रेल्वेचे स्टेशन नाही. जुहू आणि कलिना एका दिवशी, पवई दुसऱ्या, देवनार तिसऱ्या. याहून अधिक घाई करू नये.

आता खरा प्रश्न शिष्टाचाराचा. एकाच फेरीत चार दारे ठोठावणे, ही लबाडी तर नव्हे?

मुळीच नव्हे. दिवाळीत आपण एका संध्याकाळी चार घरी फराळाला जातोच. प्रत्येक यजमानाला ते ठाऊक असते आणि कोणी रागावत नाही. राग येतो तो तिसऱ्या घरी बसून पहिल्या घरच्या चकलीचे गुण गाणाऱ्याचा. इथेही तेच. प्राध्यापकांना आधी पत्र लिहून वेळ मागावी, आणि ‘याच फेरीत आणखी दोन संस्था पाहणार आहे’ असे सरळ कळवावे. त्यांना त्यात नवल वाटत नाही. लपवाछपवी मात्र चटकन कळते, कारण विद्वानांचे जग लहान असते.

प्रवासभाड्याचेही तसेच. काही संस्था मुलाखतीला येणाऱ्यांना भाडे देतात. गावाहून मुंबईचे तिकीट एकच काढले असेल, तर त्याचे पैसे दोन ठिकाणी मागू नयेत. दोन्ही कार्यालयांना आधी विचारावे आणि सांगतील तसे करावे.

सोबत आलेल्या वडिलांनाही एक विनंती. फाटकापर्यंत अवश्य जावे, कँटीनचा चहा घ्यावा. पण मार्गदर्शकांच्या खोलीत मुलीच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. पुढची चार-पाच वर्षे त्या खोलीत तिला एकटीलाच जायचे आहे. तिनेही तासभर जुन्या विद्यार्थ्यांबरोबर काढावा. मार्गदर्शक लेखन किती दिवसांत वाचून परत देतात, शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का, वसतिगृहात जागा मिळते का, हे माहितीपत्रकात छापलेले नसते.

जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन येथेच उतरले. वाटेत थांबे दोन असोत की चार, ज्याचे टपाल त्याला पोचले म्हणजे झाले. आपल्या पाहुण्याकडेही शेवटी असे टपाल उरते: जिथे जाणार तिथे होकार, आणि इतरांना आभारासह नकार.

हा नकार पुष्कळजण लिहीतच नाहीत. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. आपण अडवून ठेवलेली जागा म्हणजे प्रतीक्षायादीतल्या कुणा दुसऱ्या घरच्या मुलीची जागा. तिच्या घरीही रोज टपालाची वाट पाहत असतील. निर्णय झाला, की त्याच दिवशी दोन ओळी लिहून टाकाव्यात.