दहा नंबरची रॉड

आमच्या पिढीनं आठवीला 'टेक्निकल' घेतलं, की पहिले कित्येक महिने हातात कानसच असायची. शेगड्यात पट्टी आवळायची, कानशीवर खडू घासायचा, मग गुण्या लावून पट्टी उजेडाकडे धरायची. फट दिसली की पुन्हा घासा. वेल्डिंगचा होल्डर मिळायच्या आधी सर नुसती थंड रॉड धरून हात फिरवायला लावत.

आता काही शाळांत नववीपासूनच व्यवसाय शिक्षण आहे. २०२० च्या धोरणानं तर सहावीपासून कामाची ओळख सांगितली आहे. वितळलेला धातू कसा सरकतो ते मुलं पडद्यावर पहिल्याच दिवशी बघतात.

जुनं बरं होतं, असं म्हणवत नाही. वेल्डिंग बघायला एका काळ्या काचेमागे पाचसहा पोरं. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग आणि आईनं ठेवलेले बटाट्याचे काप. मुली वर्कशॉपच्या शेडमध्ये नव्हत्याच. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडच्या बहुतेक पोरांनी तर अशी शेड पाहिलीही नव्हती. आज हेल्मेट, हातमोजे सक्तीचे आहेत आणि मुलींना कुणी अडवत नाही. हे फार चांगलं झालं.

तरी एक गोष्ट गेल्याचं दुःख होतं. वेल्डिंगचा रन मारून झाला की सगळे वाकून बघत. चिपिंग हॅमरचा हलका ठोका पडायचा. हात सरळ चालला असेल तर स्लॅगचा पापुद्रा अख्खा सुटायचा आणि खाली एकसारख्या लाटा दिसायच्या. सर शाबासकी देत नसत. तो जॉब फक्त शेजारच्याच्या हातात ठेवत.

असा सरळ हात आजही लागतो. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या वीज केंद्रात बॉयलरच्या नळीचा जोड एक्स-रेखाली तपासला जातो. सुरजागडच्या लोहखनिजावर कोनसरीत कारखाना आला आहे. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा. तेवढ्यात हात बसायचा, तर सुरुवात शाळेतच व्हायला हवी. दहा नंबरची रॉड मिनिट-दीड मिनिटात जळून संपते, आणि अशा कितीतरी रॉड जाळल्याशिवाय हात बसत नाही. मशीन एकदा घेतलं की झालं. रॉड आणि पट्ट्या मात्र दर आठवड्याला लागतात, आणि मानधनावरचा निदेशक दरवर्षी बदलून चालत नाही. कारखान्यांच्या आवारात कापून उरलेल्या पट्ट्यांचे ढीग असतात. त्यातल्या थोड्या चामोर्शी-राजुऱ्याच्या शाळांना दिल्या, तरी प्रत्येक पोराच्या वाट्याला रोज एक जोड येईल.