जाळीची शाल

मी आठवीत होतो तेव्हाची ही गोष्ट आहे. 1987 च्या नोव्हेंबर महिन्यात मी सायकलवरून पडलो आणि माझ्या उजव्या पायाचे हाड मोडले. डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातले आणि सहा आठवडे खाटेवरून उठायचे नाही, असे बजावले.

आमचे घर मालेगावात होते. अब्बा यंत्रमागावर कामाला जात. आमच्या गल्लीत सकाळपासून रात्री उशिरापर्यंत मागांची खटखट चाले. आम्हांला तिची इतकी सवय झाली होती, की वीज गेली आणि माग थांबले की त्या शांततेनेच आम्हांला जाग येई. मी दिवसभर खाटेवर पडून छताच्या पत्र्याचे खिळे मोजत असे.

शाळेत इतर विषयांत मी बरा होतो. मराठीत मात्र माझे काही खरे नव्हते. वाचलेले समजे, पण बोलायची वेळ आली की जीभ जड होई. 'ळ' तर माझ्या तोंडून निघतच नसे. उर्दूत ते अक्षरच नाही, मग ते येणार कुठून? मी 'शाळा'ला 'शाला' म्हणे आणि मागच्या बाकावरची मुले हसत. त्यांना तरी तो कुठे येत होता म्हणा! पण मी वर्गात मराठी बोलणेच सोडून दिले होते.

आमच्या मराठीच्या बाई मोसम नदीच्या पलीकडे राहत. माझे वर्ष वाया जाऊ नये म्हणून त्या दर रविवारी दुपारी पूल ओलांडून आमच्याकडे येऊ लागल्या. अम्मी त्यांना चहा देई. बाई मला धडा मोठ्याने वाचायला सांगत आणि आपण पिशवीतून लोकर आणि दोन सुया काढून विणत बसत. त्यांचे लक्ष विणकामाकडे आहे असे वाटे. पण मी एखादा शब्द चुकलो, की मान वर न करता त्या तो दुरुस्त करत.

एका रविवारी मी वाचता वाचता थांबलो. बाईंच्या सुईवर बारीक बारीक भोकांची नक्षी उमटत होती.

"काय बघतोस?" बाईंनी विचारले.

"जाली," मी म्हणालो.

"जाळी. जीभ मागे वळव, टाळूला लाव आणि सोड."

मी दोन-तीनदा प्रयत्न केला. बाई हसल्या नाहीत. "ळ जमेल तेव्हा जमेल," त्या म्हणाल्या. "ही जाळी शिकायची आहे का?"

मी गोंधळलो. विणकाम मुलींचे, असे मला वाटत होते. मित्र काय म्हणतील? बाईंनी माझ्या मनातले ओळखले असावे. "तुझे अब्बा काय करतात रे?" त्यांनी विचारले. "कापडच विणतात ना?"

यावर मला उत्तर सुचले नाही. मी सुया हातात घेतल्या.

मागावरचे कापड मी लहानपणापासून पाहत होतो. त्यात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा असतो. उभ्या धाग्यांच्या खालून-वरून आडवा धागा जातो. सुयांच्या विणकामात असे काही नसते. तिथे एकच धागा असतो. त्याचे फासे सुईवर ओळीने बसतात आणि प्रत्येक फाशातून नवा फासा ओढून काढायचा असतो. समोरून काढला तर सुलट टाका, मागून काढला तर उलट टाका. सगळे विणकाम या दोन टाक्यांवर उभे आहे. पहिले आठ दिवस मी फक्त सुलट आणि उलट करत होतो. बोटे घामेजत आणि धागा इतका घट्ट ओढला जाई, की सुई आत शिरत नसे. "धाग्याला श्वास घेऊ दे," बाई म्हणत.

पुढच्या रविवारी जाळी सुरू झाली. जाळीचे भोक पाडायला धागा तोडावा लागत नाही. दोन टाक्यांच्या मध्ये सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा, एवढेच. पुढच्या ओळीत तो वेढा विणला, की त्याच्याखाली भोक राहते. मला ते फार सोपे वाटले. 21 टाके घालून मी आठवडाभर मनसोक्त वेढे घेत गेलो. रविवारी पाहतो तर पट्टी पंख्यासारखी पसरलेली!

"तू नुसता घेत गेलास," बाई म्हणाल्या. "प्रत्येक वेढ्याने सुईवर एक टाका वाढतो. तो परत करायला नको का? शेजारच्या दोन टाक्यांचा एक कर." मग त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. दोन टाक्यांचा एक करताना सुई समोरून घातली तर तो टाका उजवीकडे कलतो आणि मागून घातली तर डावीकडे. अशा डाव्या-उजव्या कलांनीच जाळीत पानांच्या शिरा तयार होतात.

बाईंनी चौकटीच्या कागदावर एका पानाचा नकाशा काढून दिला. वेढ्यासाठी गोल, दोघांच्या एकासाठी तिरकी रेघ. तो वाचायचा कसा, हे त्यांनी सांगितले तेव्हा मी खाटेवर ताडकन उठून बसलो. कापडाची समोरची बाजू विणताना नकाशा उजवीकडून डावीकडे वाचायचा आणि मागची बाजू विणताना डावीकडून उजवीकडे! म्हणजे एक ओळ उर्दूसारखी आणि एक ओळ मराठीसारखी. मी तसे म्हणालो, तेव्हा बाई प्रथमच मोठ्याने हसल्या. "बघ, मला हे वीस वर्षांत सुचले नाही," त्या म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात आपा बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. बाळासाठी शाल विणायची असे ठरले. अम्मीने पांढरी लोकर आणली. अब्बांनी माझी जाळीची पट्टी उजेडात धरून पाहिली आणि नाराजीने मान हलवली. त्यांच्या कापडात एक जरी भोक निघाले, तरी मालक मजुरीतून पैसे कापत असे. भोके मुद्दाम कोणी पाडते, हे त्यांना पटेना.

शाल 91 टाक्यांची होती. दोन्ही कडांना पाच-पाच साधे टाके आणि मध्ये आठ पाने. उलट ओळीच्या शेवटी टाके मोजायचेच, असा बाईंचा नियम होता, आणि मोजायचे ते मराठीत. एक्याऐंशी, ब्याऐंशी... मी मोठ्याने मोजू लागलो की आपाही माझ्याबरोबर मोजे. पहिली काही बोटे शाल बाईंच्या देखत झाली. निघताना त्यांनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून शिवणाचा एक लाल दोरा ओवला. मला वाटले, ती एक खूण असेल.

सोमवारी रात्री वीज गेली. मी कंदिलाच्या उजेडात विणत राहिलो. ती ओळ आणि तिच्यानंतरची उलट ओळ संपवून मी टाके मोजले, तर ते 89 भरले. उर्दूत आपण 'नवासी' म्हणतो. मराठीत 'एकोणनव्वद', म्हणजे नव्वदला एक कमी. मला तर दोन कमी पडले होते. कुठेतरी दोन वेढे घ्यायचे राहिले होते. उसवायचे माझ्या जिवावर आले. मी कडेला दोन वेढे घेतले आणि आकडा 91 केला.

आकडा बरोबर झाला, पण पाने बरोबर होईनात. पुढच्या प्रत्येक ओळीत ती थोडी थोडी एकमेकांवर चढू लागली. तरीही मी चार दिवसांत आणखी बारा ओळी विणल्या. शुक्रवारी मी शाल उशीखाली ठेवली आणि शनिवारी सुयांना हातही लावला नाही.

रविवारी बाई आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सवयीप्रमाणे म्हणाल्या, "पुस्तक काढ."

मी पुस्तक काढले नाही. "बाई, मी चूक केली," मी म्हणालो. "दोन टाके कमी झाले होते. मी कडेला दोन खोटे टाके घातले. मग पाने वाकडी झाली. मी शाल लपवून ठेवली." पुस्तक समोर नसताना मी सलग बोललेली ही माझी पहिली मराठी वाक्ये.

बाईंनी शाल हातात घेतली. त्या रागावल्या नाहीत, पण "असू दे" असेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सुई काढून घेतली आणि धाग्याचे टोक माझ्या हातात दिले. "ओढ," त्या म्हणाल्या. चार संध्याकाळींचे काम दहा मिनिटांत उसवले. माझे डोळे भरून आले. धागा सरसर येत होता आणि एकदम थांबला. लाल दोरा आला होता. त्या दोऱ्यावर 91 टाके एकही न सुटता उभे होते. बाईंनी ते पुन्हा सुईवर घ्यायला लावले.

प्लास्टर निघाले त्यानंतर चार दिवसांनी शाल पूर्ण झाली. पण ती पाहून आपाचा चेहरा पडला. सुईवरून उतरलेली जाळी चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. बाईंनी ती कोमट पाण्यात भिजवली, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपले आणि रजईवर ताणून कडेने टाचण्या लावल्या. शाल हळूहळू ताणत गेली आणि पाने उघडली. पुढे मी वाचले, की स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. तेथील बायका जाळीच्या शाली अशाच धुऊन लाकडी चौकटीवर ताणत. त्यांतल्या काही शाली इतक्या तलम असत, की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जाई. आमची शाल अंगठीतून गेली नसती. फार तर बांगडीतून गेली असती.

वाळलेल्या शालीत मला एक भोक दिसले. ते नकाशात नव्हते. पण त्याच रात्री आपाला मुलगा झाला आणि घरात इतकी धावपळ उडाली, की मी कोणाला काही बोललो नाही.

सकाळी अब्बा रात्रपाळी करून घरी आले. त्यांनी हात धुतले, बाळाला पाहिले आणि मग शाल उचलून दाराच्या उजेडात धरली. मागावरचे कापड ते तपासत तसे त्यांनी ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिली. शेकडो भोकांवरून त्यांचे बोट फिरत गेले आणि नेमके एका ठिकाणी थांबले.

"हे चुकून पडले आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. "मग याचे किती पैसे कापायचे?" असे म्हणून ते हसले आणि त्यांनी शाल बाळाच्या अंगावर घातली.