हात, हस्त आणि हत्ती

तत्सम आणि तद्भव या संज्ञांचा परिचय आपण या घटकात करून घेतला. परीक्षेसाठी त्यांच्या व्याख्या पुरेशा आहेत. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी शाळेत जाणारे मूल आहे, आणि त्याच्यासाठी या ज्ञानाचा जो उपयोग होतो, तो मला परीक्षेहून मोलाचा वाटतो.

समानार्थी शब्दांच्या याद्या मुलांकडून घोकून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हत्तीला गज, कुंजर, वारण हे शब्द पाठ होतात आणि चाचणी संपताच विसरतात. यादीतले शब्द शेजारी उभे असतात, पण त्यांची आपसांत ओळख नसते.

माझी भाची चौथीत असताना तिला मी 'हात' या शब्दाचे नातलग शोधायला सांगितले. हातमाग, हातभार, हाताळणे हे तिने भराभर सांगितले. बेरजेतला 'हातचा'ही आणला. मी 'हस्ताक्षर' सुचवले, तेव्हा हाताने काढलेले अक्षर, हे तिचे तिलाच उमगले. 'हस्तक्षेप' तिने पूर्वी ऐकला नव्हता. एका वाक्यात तो ऐकताच ती म्हणाली, "म्हणजे मध्येच हात घालणे ना, मामा?" मग मी हत्तीकडे वळलो. संस्कृतात तो हस्तिन्, म्हणजे हात असलेला. सोंड हाच त्याचा हात. ती काही वेळ गप्प राहिली आणि हळूच म्हणाली, "मग आजी हत्तीचा पाऊस म्हणते, तो?"

या प्रश्नामागे एक सल होता. तिने निबंधात लिहिलेला 'हत्तीचा पाऊस' शाळेत लाल शाईने खोडला गेला होता. तेव्हापासून आजीची बोली वहीत आणायची नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. वास्तविक सप्टेंबरअखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो. त्या काळातल्या पावसाला शेतकरी हत्तीचा पाऊस म्हणतात. याच दिवसांत मुली भोंडल्यासाठी पाटावर हत्ती काढून फेर धरतात. पंचांगातला हस्त आणि आजीचा हत्ती एकाच घरचे निघाले. त्या संध्याकाळी भाचीने आजीला आणखी किती पाऊस आहेत, असे विचारून मृगापासून स्वातीपर्यंतची सगळी नावे उतरवून घेतली. ही नावे कोणत्याही यादीने तिला दिली नसती.

मात्र केवळ ध्वनिसाम्यावर विसंबू नये. 'पाणिग्रहण' हा शब्द मुले हमखास पाण्याच्या घराण्यात बसवतात. त्यातला ऱ्हस्व 'पाणि' म्हणजे पुन्हा हातच! दीर्घ 'पाणी' आले ते 'पानीय' या शब्दावरून, म्हणजे पिण्याजोगे. त्याच्या घरात पेय आहे, पाणपोई आहे, आणि पिण्याची इच्छा या अर्थाची पिपासाही आहे. अशा वेळी कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' (१९४६) मुलासमोरच उघडावा. आपणही शोधतो आहोत, हे त्याला दिसू द्यावे. पाण्याचे घराणे लिहून झाले, की मूल बहुधा 'तहान'ही त्यात घालू पाहील. ती तिथली नव्हे. तिचे माहेर 'तृष्णा'.