चिऱ्याचा किल्ला

होस्टेलमध्ये लॅपटॉप आणायची परवानगी नाही. म्हणून माझ्या धाकट्या भावाच्या तक्रारी मी रविवारच्या फोनवर ऐकतो आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो. तक्रारी आम्ही दोघांनी केलेल्या मॉडबद्दल असतात.

लुआंटी हा ठोकळ्यांचे जग बांधण्याचा मोफत कार्यक्रम आहे. २०२४ पर्यंत त्याचे नाव माइनटेस्ट होते. त्यात कोणालाही लुआ या भाषेत स्वतःचे ब्लॉक तयार करून घालता येतात. अशा भरीला मॉड म्हणतात. आमचे घर कोकणात आहे, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोन ब्लॉक केले : जांभ्याचा चिरा आणि कौल. सुट्टी संपली, मी शाळेत परतलो. भाऊ मात्र रोज थोडा थोडा किल्ला बांधत राहिला. दर रविवारी मला कळे, आज बुरूज झाला, आज दरवाजा झाला.

दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन घरी गेलो. पहिली तक्रार, कौले सगळी एकाच दिशेला तोंड करतात. ती दहा मिनिटांत सुटली. दुसरी तक्रार आजोबांची होती. ते म्हणाले, “अरे, खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो. हवा लागली की घट्ट होतो. तुमचा चिरा पहिल्यापासूनच कसा घट्ट?” मग मी एकाच्या जागी दोन ब्लॉक केले, ओला चिरा आणि पक्का चिरा. ओल्या चिऱ्याला हवा लागली की काही वेळाने तो पक्का होई. काम नीटनेटके दिसावे म्हणून जुना ‘चिरा’ मी फाइलमधून पुसून टाकला.

संध्याकाळी भावाने गेम उघडला. किल्ल्याच्या जागी ‘अननोन नोड’ असे लिहिलेल्या चौकोनांचा ढीग उभा होता. तो रडला नाही. लॅपटॉप मिटून आईजवळ जाऊन बसला. पाच महिन्यांचे काम होते ते. मी घरी नसताना माझ्याशी बोलायला त्याच्याजवळ तेवढाच विषय होता.

त्या रात्री मी जेवलो नाही. शोधता शोधता समजले, की किल्ला गेलेलाच नव्हता. नकाशात प्रत्येक ब्लॉकचे जुने नाव तसेच लिहिलेले होते. ते नाव ओळखणारे कोणी उरले नव्हते. उपाय एका ओळीचा निघाला : जुने नाव आले, तर त्याला पक्का चिरा समजावे. ओळ लिहिली, गेम पुन्हा उघडला. बुरूज, दरवाजा, सगळे जागच्या जागी.

सकाळी भावाला उठवून दाखवले. बराच वेळ तो किल्ल्यात फिरला. मग म्हणाला, “दादा, पुढच्या वेळी पुसायच्या आधी मला विचारशील?”

मी हो म्हटले. नंतर वाचले, की माइनटेस्टचे लुआंटी झाले तेव्हा त्या लोकांनीही जुन्या नावाने लिहिलेले मॉड बंद पडू दिले नाहीत. मी सुधारणा करत होतो, हे खरे. पण त्या जुन्या नावावर कोणाचे घर उभे आहे, हे मी पाहिले नव्हते.

आता वहीच्या त्या पानावर सर्वांत वर एक ओळ आहे : आधी जगाची प्रत काढ, मग भावाला विचार, मग हात लाव.

— एक कॅडेट, इयत्ता अकरावी